दोन कोटी घागरी

मुरुमहून कर्नाटकाच्या सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यावर नेरलगी नावाचे गाव आहे आणि गावाच्या वरच्या अंगाला पाटबंधारे खात्याचा एक लहानसा साठवण तलाव आहे. या तलावावर सोमलिंग ईरण्णा हे गृहस्थ एकतीस वर्षे चौकीदार होते. रोज सकाळी सात वाजता सांडव्याजवळच्या पायऱ्या उतरायच्या, पाण्यात रोवलेल्या पट्टीवरचा आकडा वाचायचा, तक्त्यात पाहून त्या उंचीला किती साठा ते काढायचे आणि नळदुर्गच्या कचेरीला कळवायचे, एवढेच त्यांचे काम. या कामात बुद्धी लागते असे कोणी मानत नसे. सोमलिंग मात्र मानत. आकडा हा माणसाच्या तोंडून जातो, तेव्हा तो सांगणाऱ्याची जबाबदारी होतो, ही त्यांची धारणा वडिलांपासून आलेली होती.

वडील ईरण्णा निजामाच्या अमदानीत उर्दू शाळेत चार इयत्ता शिकले होते. त्यांच्या लेखी मोजदाद हजार, लाख, करोड, अरब, खरब अशी चाले. सोमलिंग शाळेत गेले तेव्हा मराठी शाळा आली होती. तिथे गुरुजी दशमानाची जुनी माळ म्हणून घेत: एक, दहा, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. एकदा फळ्याशी उभे करून गुरुजींनी विचारले, "शंभर अब्ज म्हणजे काय?" पोराने घरचे ज्ञान सांगितले, "खरब." गुरुजींच्या हातची छडी तळव्यावर उतरली, कारण मराठी माळेत अब्जाच्या दसपटीलाच खर्व म्हणतात आणि शंभर अब्ज म्हणजे निखर्व. घरी येऊन पोर रडले. ईरण्णा घरात कन्नड बोलत, पण त्या दिवशी ते मराठीत बोलले, बहुधा शाळेचा मान राखण्यासाठी.

"रडू नको. माझा खरब मोठा, मास्तरचा खर्व ल्हान. राज बदललं की आकड्याची नावं बदलत्यात. नग न्हाय बदलत. नाव दुसऱ्याचं असतंय लेकरा, नग आपला. नग मोजत जा."

नोकरीत आल्यावर सोमलिंगांना तिसरे राज्य भेटले. खात्याचे माप होते दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर. नेरलगीचा तलाव काठोकाठ भरला तर एक पूर्णांक वीस दलघमी. वरच्या अहवालात हाच आकडा इंग्रजी तक्त्यात जाई, तिथे एम, पुन्हा एम आणि डोक्यावर बारीक तीन अशी खूण असे. मोठ्या धरणांची माणसे अब्ज घनफुटांत बोलत. वर्षाराणी नावाच्या तरुण अभियंता बाई कचेरीत आल्या, तेव्हा त्यांनी एकदा ती इंग्रजी खूण पाहून हसत हसत सांगितले होते, "सोमलिंगमामा, ही खूण खरं तर चुकीची आहे बरं का. यातला पहिला एम म्हणजे मेगा, दहा लाख. पण नियम असा आहे की घन करताना मेगाचाही घन होतो. म्हणजे एकावर अठरा शून्यं."

सोमलिंगांनी बोटांच्या पेरांवर माळ म्हणून पाहिली. "परार्धाला सतरा शून्यं. मंग आपला भरला तलाव बारा परार्ध झाला की बाईसाहेब!"

"झाला. पृथ्वीवरचे सगळे समुद्र आपल्या नेरलगीत."

"आन् तरीबी उन्हाळ्यात टँकर!"

दोघेही मनापासून हसले होते. पुढे त्या हसण्याची आठवण सोमलिंगांना नकोशी झाली.

गावाची अडचण वेगळी होती. एका वर्षी पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्याने विचारले, "सोमलिंगा, तळ्यात पाणी किती?" यांनी सांगितले, "पॉइंट पंच्याण्णव." म्हातारा म्हणाला, "म्हंजी एक बी न्हाय?" आणि कपाळाला हात लावला. तलाव तर बऱ्यापैकी भरलेला होता. सोमलिंगांच्या मनाला ते लागले. ज्यांचे पाणी, त्यांनाच ते किती आहे हे कळू नये, हा त्यांना अन्याय वाटला, आणि तो अन्यायच होता. ज्या मापात लोकांना विचार करता येत नाही, त्या मापात लोकांच्या वतीने दुसरेच कोणी विचार करते.

म्हणून त्यांनी गावाचे माप शोधले. शेजारी सिताबाई राहत. नवरा जाऊन वीस वर्षे झालेली, लेक पुण्याकडे दिलेली. माहेरून आलेली एक पितळी घागर त्यांच्याकडे होती, तिच्या गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी त्यांचे नाव कोरलेले. गाव प्लॅस्टिकच्या घागरींवर गेले तरी त्यांनी ती सोडली नव्हती. सोमलिंगांनी ती मागितली, ओसरीवर ठेवली आणि लिटरच्या बाटलीने भरली. काठाशी पाणी आले तेव्हा पंधरा बाटल्या झाल्या होत्या.

"अण्णा, चहा टाकायचा सोडून घागर काय मोजायलाव?" सिताबाईंनी विचारले.

"तलाव मोजायचाय, बाई."

"माझ्या घागरीनं? जन्म जाईल की तुमचा!"

"न्हाय जात. भागाकार हाय."

सोमलिंगांची बायको इरम्मा दारातून म्हणाली, "आयुष्यभर भागाकारच केला ह्यांनी. बाकी कायम शून्य."

सिताबाई तोंडाला पदर लावून हसल्या. "असू द्या, इरम्माबाई. माझी घागर सरकारदरबारी लागली. आता मला पेन्शन सुरू करा म्हणावं."

एस.टी. थांब्याच्या भिंतीवर सोमलिंगांनी स्वखर्चाने काळा रंग देऊन फळा केला. त्यावर ते दर सोमवारी खडूने लिहीत: 'आज तलावात इतके कोटी, इतके लाख घागरी.' भरला तलाव आठ कोटी घागरींचा होई. गावाला हे फार आवडले. बसची वाट पाहणारे लोक आकडा वाचत, मागच्या आठवड्याशी ताडून पाहत, पैजा लावत. शेजारच्या दोन गावांतूनही विचारणा होई. सोमलिंगांच्या आयुष्यात मान म्हणून जे काही आले, ते या फळ्यातून आले, आणि माणूस ज्यातून मान मिळवतो त्याच्याकडे निरखून पाहणे त्याला जड जाते.

मग ते वर्ष आले. मृगापासून उत्तरेपर्यंतची नक्षत्रे कोरडी गेली. ऑक्टोबरात पट्टीवर साठा निघाला पॉइंट तीस दलघमी. सोमलिंगांनी भागाकार केला आणि फळ्यावर लिहिले: दोन कोटी घागरी.

ग्रामसभा बोलावली गेली. याच तलावाचे पाणी पिणाऱ्या शेजारच्या दोन गावांची माणसेही आली. प्रश्न एकच होता. तलावावर पंधरा जणांच्या मोटारी होत्या, त्यांवर चाळीस एकर ऊस उभा होता. त्या मोटारी आताच बंद करून पाणी पिण्यासाठी राखायचे की नाही, हे ठरवायचे होते. सरपंच राजेश्वरीताईंनी विषय मांडला. बलभीम उठला. त्याचा सहा एकर ऊस होता, पण तो नुसता स्वार्थी माणूस नव्हता. गावाच्या कामाला पुढे असे, बोलण्यात हुशार, आणि हिशेबात कच्चा तर मुळीच नाही.

"ताई, भिण्याआधी मोजू," तो मोबाइल काढत म्हणाला. "पाणीयोजनेवर तीन गावं, माणसं नऊ हजार. माणशी रोज तीन घागरी धरा. झाल्या सत्तावीस हजार. फळ्यावर काय हाय? दोन कोटी. दोन कोटी भागिले सत्तावीस हजार," त्याने बटणे दाबली, "सातशे चाळीस दिवस! दोन वर्सं! आपण दोन वर्सं घागरीनं पाणी प्यावं आन् ऊस मात्र आजच जाळावा?"

सभा हसली. कोणीतरी मागून ओरडले, "कोटीत खेळतंय गाव, आन् रडतंय कशाला?"

बलभीम सोमलिंगांकडे वळला. "अण्णा, तुमीच सांगा. आकडा खरा का?"

सोमलिंगांच्या खिशात त्या क्षणी एक कागद होता. त्यावर त्यांनी आदल्या दिवशी लिहिले होते की उथळ तलावातले साठ लाख घागरी पाणी नुसते ऊनच पिते, वीस लाख गाळात अडकते आणि ते कोणालाच मिळत नाही, आणि एका एकर उसाला हंगामभर तीन लाख घागरी लागतात, म्हणजे चाळीस एकरांना एक कोटी वीस लाख. तिन्हींची बेरीज बरोबर दोन कोटी भरत होती. माणसांसाठी काहीच उरत नव्हते. हा कागद वाचावा असे त्यांना वाटले होते. पण त्यांना विचारले गेले होते ते वेगळेच. आकडा खरा का, एवढेच. भर सभेत त्यांच्या फळ्याचा दाखला दिला गेला होता, तीन गावांची माणसे त्यांच्या तोंडाकडे बघत होती. अशा वेळी छातीत जे भरून येते, त्याला त्यांनी पुढे स्वतःच नाव दिले, गर्व. ते उठले आणि म्हणाले, "खरा."

टाळ्या झाल्या. ते खाली बसले. कागद काढण्यासाठी हात खिशाकडे गेलाही होता, पण राजेश्वरीताईंनी पुढचा विषय घेतला.

त्या रात्री इरम्माने कागदाचे विचारले, तेव्हा ते म्हणाले, "उद्या बलभीमला गाठून सांगतो." त्यांनी सांगितलेही. बलभीमने कागद पाहिला, परत दिला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "अण्णा, ऊन काय आजचं हाय का? तुमीच कोटी म्हणायचं आन् तुमीच काय उरत न्हाय म्हणायचं. लोकांनी कुठलं धरावं?" सोमलिंग कागदाची घडी घालून परतले. लोकांनी नग धरला नव्हता, नाव धरले होते. कोटी हा शब्द या भागात माणसे फक्त दुसऱ्याच्या संपत्तीबद्दल वापरतात. तो जन्मात पहिल्यांदा आपल्या वाट्याला आल्यावर त्यातून वजाबाकी करायला कोणाचे मन होणार? आणि तो शब्द त्यांच्या हाती देणारा माणूस कोण होता?

मोटारी चालूच राहिल्या आणि फळ्यावरचा आकडा उतरत गेला. दीड कोटी, नव्वद लाख, चाळीस लाख. लाखावर आला तरीही तो गरीब माणसाच्या कानाला मोठाच वाटे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मोटारींचे फुटबॉल, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपांची तोंडे, चिखलात उघडी पडली आणि पट्टीचा पाया दिसू लागला. कचेरीला कळवायचा आकडा शून्य झाला. दलघमीत शून्य, लिटरात शून्य, घागरीत शून्य. ही एक संख्या अशी होती की तिला सगळ्या राज्यांत एकच नाव होते.

टँकर एक दिवस येई, तीन दिवस येत नसे. बायका तलावाच्या तळात उतरून झिरे खणू लागल्या. पुरुषभर खोल खड्डा, तळाशी हळूहळू पाझरणारे गढूळ पाणी, वाटीवाटीने घागर भरायची. सिताबाईंचा झिरा पट्टीजवळ होता. सकाळी सोमलिंग रिकामी पट्टी बघायला जात. काम होते म्हणून नव्हे, एकतीस वर्षांचे पाय तिकडे वळत म्हणून. खड्ड्यातून आवाज येई, "अण्णा, आज किती?"

"शून्य, बाई."

"अन् माझी घागर भरली की अर्धी! तुमच्या शून्यात माझी अर्धी घागर बसती बघा."

एकदा सोमलिंगांनी त्यांना सांगून टाकले, "बाई, सभेत म्या खरं बोललो न्हाय."

"आकडा खोटा व्हता?"

"आकडा खरा व्हता."

सिताबाईंनी वाटी खाली ठेवली आणि वर पाहिले. "मंग काय वो अण्णा! खरं बोलून बी कुणी रडतं का?" त्यांना समजले नव्हते, आणि सोमलिंगांना ते समजावता आले नाही.

एप्रिलच्या एका सकाळी ते पायऱ्या उतरले तेव्हा आवाज आला नाही. झिऱ्याच्या जागी ओल्या मातीचा नवा उंचवटा होता आणि त्यातून पितळेचा एक काठ दिसत होता. त्यांनी हाताने माती उकरली, ओरडले, माणसे धावली, बलभीमने सगळ्यांच्या आधी खाली उडी घेतली. सिताबाईंना बाहेर काढले तेव्हा उपयोग राहिला नव्हता. घागर त्यांनी छातीशी धरलेली होती. दरडीच्या भाराने तिची एक कड आत गेली होती.

पंचनामा झाला. अकस्मात मृत्यू. कोणी कोणाला दोष दिला नाही. मोटारींचे नाव कोणी काढले नाही, ग्रामसभेचे नाही, फळ्याचे तर नाहीच. बलभीमने अंत्यविधीला स्वतःच्या मळ्यातली लाकडे दिली आणि तो ढसाढसा रडला. सोमलिंग वाट पाहत राहिले की कोणीतरी येऊन विचारेल. पंधरा दिवस वाट पाहून ते स्वतःच नळदुर्गला गेले.

वर्षाराणीबाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी मागवले.

"बाईसाहेब, माझ्या नावावर चूक नोंदवायची हाय."

"कसली चूक, मामा?"

त्यांनी सगळे सांगितले, तो घडी पडलेला कागदही पुढे ठेवला. बाईंनी कागद दोनदा वाचला. मग त्यांनी ऑक्टोबरचा तक्ता काढला. "तुम्ही पॉइंट तीस कळवलंय. पट्टी बरोबर, साठा बरोबर, घागरींचा भागाकारही बरोबर. मी नोंद कशाखाली करू?"

"आकडा चुकला न्हाय. नाव चुकलं."

बाईंनी तक्ता मिटला. "मामा, त्याला आमच्याकडे रकाना नाही," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज कोरडा नव्हता. निघताना त्यांनी विचारले, "हा कागद माझ्याकडे ठेवू का?" सोमलिंगांनी मान हलवली. रकाना नसलेला तो कागद मग त्यांच्या टेबलाच्या काचेखाली गेला.

पुढच्या पावसाळ्यात निसर्गाने हात आखडला नाही. सप्टेंबरात सांडवा वाहू लागला. पट्टीवर एक पूर्णांक वीस. झिऱ्यांच्या जागेवर पंधरा फूट पाणी होते. एस.टी. थांब्यावर बलभीम भेटला. सिताबाईंनंतर तो सोमलिंगांशी जपून बोलत असे, पण आज त्याला राहवले नाही.

"अण्णा, फळा कोरा का? लिवा की! आठ कोटी! गावाला जरा बरं वाटू द्या."

सोमलिंग घरी आले. सिताबाईंच्या लेकीने पुण्याला जाताना घर आवरले होते. मोडीत घालवत नाही म्हणून घागर इरम्माच्या हाती दिली होती, आणि ती तेव्हापासून ओसरीच्या कोपऱ्यात होती. फळ्यावर लिहायचे तर माप आज खरे आहे की नाही हे पाहायला हवे, नग मोजायला हवा, असे त्यांच्या मनात आले. त्यांनी ती समोर ओढली. ठिपक्यांतली अक्षरे चेपलेल्या बाजूला आत वळली होती. त्यांनी बाटलीने पाणी ओतायला सुरुवात केली. इरम्मा दारात येऊन उभी राहिली. पाणी काठावरून ओघळले, तेव्हा ते थांबले.

"एष्टु?" इरम्माने घरच्या भाषेत विचारले. किती?

"हन्नेरडु."

बारा. पंधराची घागर बाराची झाली होती. सवयीने त्यांच्या बोटांनी भागाकार करून टाकला, मनाने अडवण्याआधीच. एकशेवीस कोटी लिटर भागिले बारा, दहा कोटी. घागर चेपली होती म्हणून तलाव आठ कोटींवरून दहा कोटींवर गेला होता. माप जितके लहान, तितका आकडा मोठा. एवढी साधी गोष्ट त्यांना इतकी वर्षे पाठ होती आणि तिचा अर्थ त्यांना आज कळत होता. एक बाई मातीखाली गेली आणि तिच्या घागरीच्या हिशेबाने गावाचे पाणी दोन कोटींनी वाढले होते. यात कुठेही गणिताची चूक नव्हती.

त्यांनी पाणी तुळशीला घातले आणि घागर पालथी ठेवली.

ऑक्टोबरच्या ग्रामसभेत राजेश्वरीताईंनी पुन्हा मोटारींचा विषय घेतला. तलाव भरला असताना विषय कशाला, अशी कुजबुज झाली. बलभीम उठला. "अण्णांनी फळा भरला न्हाय, पन म्या मागच्या मापानं धरतो. आठ कोटी. अण्णा, आकडा खरा का?"

सोमलिंग उभे राहिले. या खेपेला त्यांनी खिशात कागद आणला नव्हता.

"न्हाय," ते म्हणाले.

मग त्यांनी ऊन किती पिते, गाळ किती, ऊस किती, हे तोंडपाठ सांगितले, आणि मे महिन्याच्या शेवटी माणशी काय उरेल तेही. त्यांनी एकदाही कोटी म्हटले नाही. बोलणे लांबले. मागची माणसे उठून पानटपरीकडे गेली. कोणीतरी हळूच म्हणाले, "सिताबाई गेल्यापासून म्हातारं हललंय." बलभीम मान खाली घालून ऐकत राहिला. शेवटी ठरले ते असे की यंदा पाणी भरपूर आहे, मोटारींचा विषय पुढील वर्षी घ्यावा. हात वर झाले. बलभीमचा हात वर झाला नाही, पण खाली राहिलेला तो हातही कोणाच्या लक्षात आला नाही.

त्या वर्षअखेरीस सोमलिंग निवृत्त झाले. कचेरीने शाल आणि नारळ दिला, वर्षाराणीबाईंनी दोन शब्द सांगितले. आता पट्टी वाचायला यंत्र बसले आहे. ते स्वतःच आकडा पाठवते आणि त्याला कोणी खरा का असे विचारत नाही. थांब्यावरचा फळा तसाच आहे. त्यावर कोणी जाहिरात चिकटवली की सोमलिंग दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने ती काढतात आणि काळी भिंत पुन्हा स्वच्छ करून ठेवतात. बसची वाट पाहणारा एखादा परका माणूस विचारतो, "बाबा, इथं काय लिहायचंय?"

"काय न्हाय," ते म्हणतात, आणि फडके पिळून खांद्यावर टाकतात.